सम्यक व्यायाम आणि लांब पल्ल्याची धाव



परतवाड्यात पहाटे पाच वाजता अमरावती रोडवर, बैतूल रोडवर किंवा धारणी रोडवर उभे राहिले की अंधारातून पावलांचे आवाज येतात. आपलीच पोरे-पोरी भरतीसाठी धावत असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. वनरक्षकाच्या भरतीत मुलांना पाच किलोमीटर आणि मुलींना तीन किलोमीटर. शिवाय निवडीच्या शेवटच्या टप्प्यावर चार तासांत मुलांनी २५ किलोमीटर आणि मुलींनी १६ किलोमीटर चालून दाखवायचे असते. मेळघाटच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना ही नोकरी ओळखीची आहे, म्हणून तिच्यावर आशाही मोठी असते.

पण जागा मोजक्या आणि धावणारे हजारो. यादी लागते, नाव नसते. एकदा, दोनदा, तीनदा. मग वयोमर्यादा निघून जाते आणि बूट खुंटीला टांगले जातात. कालपर्यंत पहाटे उठणारा पोरगा नऊ वाजेपर्यंत पांघरुणात पडून राहतो, घरात कुणाशी बोलत नाही, संध्याकाळी पानटपरीवर उभा दिसतो. माय म्हणते, "बाप्पा, दोन वर्सं धावला, हाती काय आलं?"

हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. म्हणून या वेळी धावण्याबद्दलच लिहितो. भरतीच्या धावण्याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मी लिहितो आहे ते लांब पल्ल्याच्या धावेबद्दल आणि ती मनाला काय शिकवते त्याबद्दल.

परतवाडा ते अमरावती, पायी

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. त्याहून लांब कोणतीही धाव असली की तिला अल्ट्रा मॅरेथॉन म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर परतवाड्याहून निघून आसेगावची पूर्णा ओलांडायची, वलगाव मागे टाकायचे आणि अमरावती गाठायची. अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. एसटीत बसूनही ज्याचा कंटाळा येतो ते अंतर माणसे पायांनी धावून जातात. जगात शंभर किलोमीटरच्या, चोवीस तासांच्या, अनेक दिवस चालणाऱ्याही धावा आहेत. आपल्याकडे पुण्याचे आशिष कासोदेकर यांनी २०२१ च्या नोव्हेंबरपासून २०२२ च्या जानेवारीपर्यंत सलग ६० दिवस रोज एक मॅरेथॉन अंतर धावून विश्वविक्रम केला.

ऐकणाऱ्याला वाटते, ही मंडळी लोखंडाची असतील. तसे नाही. एवढ्या लांब जाणारा माणूस आपल्या भरतीच्या पोरापेक्षा कितीतरी हळू धावतो. चढ आला की चालतो. भूक लागण्याआधी खातो, तहान लागण्याआधी पितो. १६०० मीटरमध्ये छाती फुटेस्तोवर पळावे लागते. पन्नास किलोमीटरमध्ये तसे पळणारा पहिल्या दहा किलोमीटरमध्येच बसतो. इथे वेगापेक्षा मोजमाप कामाला येते आणि हे मोजमाप मनाला शिकवावे लागते.

व्यायाम हा शब्द धम्मातला आहे

अष्टांगिक मार्गातील सहावे अंग आपण विहारात नेहमी म्हणतो, सम्यक व्यायाम. पाली भाषेत सम्मा वायामो. आपल्यापैकी अनेकांना वाटते की येथे व्यायाम म्हणजे फक्त मनाचा प्रयत्न, दंडबैठकांशी त्याचा काय संबंध? अर्थ प्रयत्न हाच आहे. वाईट विचार उत्पन्न होऊ न देणे, झाला असेल तर काढून टाकणे, चांगला विचार उत्पन्न करणे आणि तो टिकवणे, असा चार प्रकारचा प्रयत्न तथागतांनी सांगितला. पण शरीराला त्यांनी कधी दूर ठेवले नाही. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे ठरलेल्या वाटेवर येरझाऱ्या घालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. माणूस लांबचा प्रवास सोसू शकतो. कष्टाचा प्रयत्न करू शकतो. आजार कमी होतात. खाल्लेले-प्यालेले नीट पचते. आणि चालता चालता मिळवलेली एकाग्रता फार काळ टिकते.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आज कोणत्याही डॉक्टरपुढे ठेवा, तो मान डोलावेल. आणि ती सांगणारे भगवान बुद्ध स्वतः ४५ वर्षे गावोगाव पायी फिरले. ऐंशीव्या वर्षी, आजारी असताना, राजगृहाहून कुशीनारापर्यंतचा शेवटचा प्रवासही त्यांनी पायीच केला.

सोणाची वीणा आणि सोणाची पादत्राणे

भिक्खू सोण कोळिविसाची कथा विहारात सांगितली जाते, पण बहुधा अर्धीच. सोण हा चंपा नगरीतील श्रीमंत घरचा मुलगा. पाय इतके नाजूक की तळव्यांवर लव होती. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळच्या सीतवनात तो इतक्या जोराने चंक्रमण करू लागला की पाय फुटले आणि वाट रक्ताने माखली. तरी मनाला शांती मिळेना. त्याच्या मनात आले, घरी परत जावे, संपत्ती आहे, दानधर्म करून जगावे.

आपल्या भरतीच्या पोराची अवस्था हीच असते. जीव तोडून केले, फळ मिळाले नाही, आता सोडून द्यावे.

तथागत त्याच्याकडे आले. सोण पूर्वी वीणा वाजवीत असे. त्यांनी विचारले की तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. सुरात लावल्या तर वाजते. प्रयत्नाचेही तसेच आहे. फार ताणला तर मन अस्वस्थ होते, फार सैल सोडला तर आळस येतो. सोणाने प्रयत्न सोडला नाही, त्याचे माप बदलले, आणि तो अर्हत झाला.

कथेचा उरलेला अर्धा भाग विनयपिटकात आहे. सोणाचे पाय पाहून तथागतांनी त्याला एकपदरी पादत्राणे वापरण्याची परवानगी दिली. सोण म्हणाला की मला एकट्याला नकोत. मी एवढी संपत्ती सोडून आलो आणि आता पादत्राणांना चिकटलो, असे लोक म्हणतील. संघाला मिळणार असतील तरच मी घालीन. तेव्हा तथागतांनी साऱ्या भिक्खुसंघाला पादत्राणे घालण्याची अनुज्ञा दिली.

बांधवांनो, ही गोष्ट आपल्यासाठी साधी नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावातल्या मोठ्यांच्या आळीतून जाताना चप्पल हातात घ्यावी लागली, त्यांच्या नातवाने चांगले बूट घालून भर रस्त्यात धावणे हा नुसता खेळ राहत नाही.

डर्बनच्या रस्त्यावर

दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमध्ये कॉम्रेड्स मॅरेथॉन नावाची धाव होते. अंतर सुमारे ९० किलोमीटर, म्हणजे परतवाड्याहून अमरावतीला जाऊन जवळजवळ परत येण्याइतके. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९२१ साली ती सुरू झाली. पण तिच्यात अधिकृतपणे धावण्याचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांना होता. १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली हा काळा माणूस परवानगी नसतानाही धावला आणि साडेनऊ तासांत त्याने ते अंतर पूर्ण केले. त्याच्या धावेची अधिकृत नोंद झाली नाही, पदक मिळाले नाही.

ही दारे उघडायला १९७५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी काळ्या लोकांना आणि स्त्रियांना एकाच वेळी अधिकृत प्रवेश मिळाला. १९८९ साली सॅम त्शाबालाला हा या शर्यतीचा पहिला काळा विजेता झाला. आणि २०१९ पासून नऊ ते दहा तासांत धाव पूर्ण करणाऱ्यांना जे पदक मिळते त्याला रॉबर्ट म्त्शालीचे नाव आहे. ज्याला पदक नाकारले त्याच्याच नावाचे पदक आज गोरे आणि काळे दोघेही गळ्यात घालतात. म्त्शाली धावला तेव्हा नाव यादीत येणार नाही हे त्याला ठाऊक होते. यादीत नाव नसतानाही धाव वाया जात नाही, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

आपल्या पायांचा इतिहास

दूरचे उदाहरण कशाला, आपला समाज लांब पल्ल्याचाच आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघालेली तुकडी, जिच्यात महार सैनिक मोठ्या संख्येने होते, रात्रभर चाळीस किलोमीटरच्या आसपास चालून सकाळी भीमा कोरेगावला पोचली आणि न थांबता दिवसभर लढली. गाडगेबाबा आपल्याच मुलखातल्या शेंडगावचे. हातात खराटा घेऊन त्यांनी महाराष्ट्र पायाखाली घातला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांनी देह ठेवला.

आणि लाँग मार्च. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला, पण अंमलबजावणी होईना. तेव्हा ११ नोव्हेंबर १९७९ रोजी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने लोक पायी निघाले. विदर्भातली आपली माणसे रोज तीस किलोमीटरच्या आसपास चालत होती. खडकपूर्णा नदीच्या पुलावर पोलिसांनी मोर्चा अडवला, लाठ्या चालल्या, अटका झाल्या. त्या दिवशी पाहणाऱ्याला वाटले असेल की मोर्चा हरला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. ठरावापासून साडेपंधरा वर्षे! लांब पल्ल्याचा अर्थ यापेक्षा वेगळा काय असतो? ज्यांच्या घरात त्या मोर्चात चाललेले आजोबा-आजी आहेत, त्यांनी नातवंडांना जवळ बसवून हे सांगावे.

मनाला काय शिकायला मिळते

लांब धावणारे जे सांगतात त्यातले चार धडे आपल्या संसाराला लागू पडतात.

पहिला धडा, मोठे अंतर एकदम पाहू नये. पन्नास किलोमीटर डोळ्यांपुढे आणले तर पाय उचलत नाही. पुढच्या झाडापर्यंत, पुढच्या पुलापर्यंत, एवढेच पाहावे. कर्जाचे हप्ते, पोरीचे बारावीचे वर्ष, आजाऱ्याची सेवा, हे सारे असेच एकेका पुलाने पार होते.

दुसरा धडा, वेदनेकडे नीट पाहावे. पोटरी दुखते तेव्हा मन लगेच म्हणते, संपले सारे. पण थांबून तपासले तर दुखणे पोटरीत असते आणि भीती मनात. सतिपट्ठानात वेदनांचे निरीक्षण सांगितले आहे ते याचसाठी. थकवा वेगळा आणि इजा वेगळी. थकवा आला तर वेग कमी करावा. इजा झाली तर थांबावे आणि थांबण्यात कमीपणा मानू नये.

तिसरा धडा, शेजाऱ्याकडे पाहून धावू नये. सुरुवातीला पुढे गेलेले अर्धे लोक पुढे रस्त्याच्या कडेला बसलेले दिसतात. शेजाऱ्याच्या पोराला नोकरी लागली म्हणून आपल्या पोराला रोज टोचणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावे.

चौथा धडा, एकट्याने जाऊ नये. कॉम्रेड्सला बारा तासांची मुदत असते आणि ती संपताच दार बंद होते. तरी शेवटच्या काही मीटरवर कोसळलेल्याला खांदा देऊन आत आणणारे धावपटू दरवर्षी दिसतात. आपण ज्याला संघ म्हणतो तो हाच.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मन घट्ट केले की नोकरी मिळते, असे कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. अचलपूरची फिनले मिल २०२० साली बंद पडली, ती काही कामगारांचे मन कच्चे होते म्हणून नाही. जागा का निघत नाहीत, कंत्राटी भरती का होते, हे प्रश्न विचारायचेच आहेत. बाबासाहेबांनी संघटनेचा आणि संघर्षाचा मार्ग दिला तो त्यासाठीच. धावणे संघर्षाची जागा घेत नाही. संघर्ष दीर्घकाळ करू शकणारा माणूस ते घडवते.

अतिरेक धम्माचा नाही

जपानमध्ये हिएई पर्वतावर तेंदाई पंथाच्या भिक्षूंची एक साधना आहे. सात वर्षांत मिळून एक हजार दिवस डोंगरातून चालायचे, आधी रोज तीसेक किलोमीटर आणि शेवटी काही काळ रोज ८४ किलोमीटर. मध्ये नऊ दिवस अन्न, पाणी, झोप वर्ज्य. जुन्या काळी साधना मोडली तर जीव द्यावा म्हणून जवळ दोर आणि सुरी बाळगीत. युसाई साकाई या भिक्षूने ही साधना दोनदा पूर्ण केली, दुसऱ्यांदा १९८७ साली, साठी गाठताना. त्यांच्या चिकाटीला वंदन. पण आपण बाबासाहेबांनी दिलेल्या धम्माचे अनुयायी आहोत. सिद्धार्थ गौतमाने उपासतापास करून हाडांचा सापळा झाल्यावर तो मार्ग सोडला आणि मध्यम मार्ग दाखवला. शरीराला छळणे म्हणजे शील नव्हे. आपल्याला सोणाची वीणा पुरेशी आहे.

लहान मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. ओडिशातल्या बुधिया सिंग या चार वर्षांच्या गरीब मुलाला २००६ साली पुरी ते भुवनेश्वर ६५ किलोमीटर धावायला लावले गेले. देशभर टाळ्या पडल्या, पण शेवटी सरकारला त्याच्या लांब धावण्यावर बंदी घालावी लागली. लेकरांना खेळू द्यावे. लांबची धाव हे वाढ पुरी झालेल्यांचे काम आहे.

धावण्याआधी एक तपासणी

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजात अधिक आढळतो. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तर आजार होतो, एकाकडूनच आला तर माणूस वाहक असतो. वाहक एरवी ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. पण अतिश्रम, कडक ऊन आणि अंगातले पाणी कमी होणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर वाहकाच्याही जिवाला धोका होऊ शकतो. अमेरिकेत मोठ्या महाविद्यालयीन खेळाडूंची ही तपासणी २०१० पासून सक्तीची झाली. आपल्याकडे १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे आणि सरकारी रुग्णालयात बोटाच्या रक्तावर प्राथमिक चाचणी होते.

भरतीसाठी धावणाऱ्या प्रत्येक पोरापोरीने ती करून घ्यावी. वाहक निघाले तर धावणे सोडायचे नाही. अंतर हळूहळू वाढवायचे, उन्हात धावायचे नाही, पाणी पीत राहायचे, पायात गोळे किंवा दम लागताच थांबायचे. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय धावू नये. हीच चाचणी पुढे लग्न जुळवतानाही उपयोगी पडते.

सुरुवात अशी करावी

पहिला महिना अर्धा तास भरभर चालावे, मध्ये मध्ये दोन मिनिटे धावावे. बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. आठवड्याचे अंतर दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये आणि आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. महागड्या पावडरी नकोत. ज्वारीची भाकर, डाळ, जवसाची चटणी, अंडी, केळी, गूळ-शेंगदाणे हे पुरते. लांब जाताना नुसते पाणी ढोसू नये, मीठ-साखर घातलेले पाणी किंवा मीठ घातलेले ताक घ्यावे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी घरी परतावे. चिखलदऱ्याचा घाट वर्षभराच्या सरावानंतरच धरावा.

मायबहिणींना वेगळे सांगतो. २०१४ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये लता करे ही साठी ओलांडलेली मजूर बाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावून ज्येष्ठांच्या गटात पहिली आली. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते म्हणून ती धावली होती. तिच्यावर २०२० साली चित्रपट निघाला, त्यात तिने स्वतःचीच भूमिका केली. घरातल्या मुलीला पहाटे बाहेर जाऊ देताना काळजी वाटते हे खरे आहे. त्यावर उपाय मुलीला घरात ठेवणे हा नाही. दोन-चार बाया मिळून तिच्याबरोबर निघाव्यात. चालायला तर लुगडेही चालते!

शेवटी विहाराच्या पंच मंडळींना एक विनंती. रविवारच्या वंदनेआधी तासभर सर्वांनी मिळून चालावे-धावावे. भरतीत नाव न आलेल्या पोरांना नव्या पोरांचे शिक्षक करावे, म्हणजे त्यांची दोन वर्षे वाया गेली असे त्यांच्या मायलाही वाटणार नाही. आणि जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून ज्यांच्या पायात बूट नाहीत त्यांना बूट घ्यावेत. एकाला नव्हे, सर्वांना. सोणाने तेच मागितले होते.

नमो बुद्धाय. जय भीम.